हातांनी, हँड पॅलेट ट्रकने की फोर्कलिफ्टने? माल हलवण्याच्या आणि साठवण्याच्या पर्यायांची तुलना

गोदामात किंवा कारखान्यात माल हलवण्याची पद्धत बदलायचे ठरते, तेव्हा चर्चा बहुधा यंत्रापासून सुरू होते: फोर्कलिफ्ट घ्यावी, की आणखी दोन माणसे ठेवावीत? माझ्या मते हा प्रश्न एक पायरी सोडून विचारला जातो. माल कोणत्या उंचीवर येतो, कोणत्या उंचीवर ठेवला जातो आणि वापरात येईपर्यंत त्याला किती वेळा हात लागतो, हे आधी ठरले पाहिजे, कारण उचलण्याचे साधन साठवणीच्या पद्धतीवर अवलंबून असते. थप्पी जमिनीवर लावायची असेल तर एक साधन योग्य ठरते, रॅक उभारायचे असतील तर दुसरे, आणि कधीकधी साठवण नीट आखली की मोठ्या साधनाची गरजच उरत नाही.

तुलनेसाठी एक साधे उदाहरण घेऊ. रोज २५ किलोच्या ४०० गोण्या येतात. त्या ट्रकमधून जमिनीवर उतरवल्या जातात, जमिनीवरून थप्पीला लावल्या जातात आणि थप्पीवरून यंत्राच्या तोंडाशी नेल्या जातात. माल १० टनांचा असला, तरी प्रत्येक गोणी तीनदा उचलली गेल्यामुळे माणसांच्या पाठीवर दिवसाला ३० टनांचे काम पडते. त्यांपैकी एक उचल कमी केली तर १० टन वाचतात, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

हातांनी उचलणे: वजनापेक्षा जागा महत्त्वाची

‘माणूस किती किलो उचलू शकतो?’ या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तर नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा आहे, तर ब्रिटनच्या मार्गदर्शक आकड्यांत कमरेच्या उंचीवर, शरीरालगत धरलेल्या ओझ्यासाठी पुरुषांना २५ आणि स्त्रियांना १६ किलो सांगितले आहेत. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संशोधन संस्थेच्या १९९१ च्या सुधारित सूत्रात आदर्श परिस्थितीसाठीही सुरुवात २३ किलोंपासून होते. त्यानंतर ओझे घोट्यांपासून किती पुढे आहे, हात किती उंचीवर आहेत, ओझे किती वर न्यायचे आहे, धड किती वळते, पकड कशी आहे आणि उचल किती वेळा होते, यानुसार तो आकडा घटत जातो.

आपल्या गोणीला हे सूत्र लावून पाहा. गोणी जमिनीजवळ आहे, हात १५ सेंटिमीटर उंचीवर आहेत, ती शरीरापासून ४० सेंटिमीटर पुढे आहे, १२० सेंटिमीटर उंचीवर न्यायची आहे, धड ४५ अंश वळते आणि गोणी असल्यामुळे पकड वाईट आहे. वारंवारतेची घट अजिबात न धरताही शिफारस केलेले वजन साधारण ७.८ किलो येते, म्हणजे प्रत्यक्ष ओझे त्याच्या तिपटीहून जास्त ठरते. आता तीच गोणी ७५ सेंटिमीटर उंचीच्या मंचावर ठेवा, शरीरापासूनचे अंतर ३० सेंटिमीटरवर आणा, वळणे टाळा आणि उचल ४५ सेंटिमीटरपुरती ठेवा. शिफारस केलेले वजन जवळजवळ १६ किलो होते. माणूस तोच आहे आणि गोणीही तीच आहे. जागा बदलल्याने मर्यादा दुप्पट झाली आहे. तरीही २५ किलो तिच्यापेक्षा अधिकच आहेत, त्यामुळे १५ किलोच्या गोण्या मिळतात का, हे पुरवठादाराला विचारणे हाही सुरक्षेचा उपाय ठरतो.

या पर्यायाबद्दल दोन गोष्टी रूढ झाल्या आहेत आणि दोन्हींना आधार अपुरा आहे. पहिली म्हणजे कंबरपट्टा. निरोगी कामगाराने पट्टा बांधल्यास पाठीची इजा टळते, याला पुरेसा पुरावा नाही, असे नायॉशने १९९४ मध्येच सांगितले होते. पट्ट्यामुळे आपण जास्त उचलू शकतो, असा समज होण्याचा धोका मात्र राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे ‘गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा’ हे प्रशिक्षण. ते देऊ नये असे माझे म्हणणे नाही, पण जमिनीवरच्या गोण्या ज्याला दिवसभर उचलायच्या आहेत त्याचे गुडघे दुपारपर्यंत थकतात आणि पाठ आपोआप वाकते. मांडणी तशीच ठेवून केवळ तंत्र शिकवणे म्हणजे जबाबदारी व्यवस्थापनाकडून कामगाराकडे सरकवणे आहे.

हातांनी उचलणे कुठे योग्य? जिथे ओझी हलकी आहेत, उचल तुरळक आहे आणि माल गुडघ्यांच्या वर व खांद्यांच्या खाली ठेवता येतो तिथे. इतर ठिकाणी पुढचे पर्याय पाहावेत.

हँड पॅलेट ट्रक: अंतर मिटते, उंची मिटत नाही

पॅलेट म्हणजे माल रचायचा सपाट पाट, आणि हँड पॅलेट ट्रक म्हणजे तो उचलून हातांनी ढकलत न्यायची गाडी. साध्या हँड पॅलेट ट्रकची क्षमता बहुधा २ ते २.५ टन असते. फोर्क (पॅलेटखाली जाणारे दोन दांडे) खाली असताना साधारण ८.५ सेंटिमीटर उंचीवर असतात आणि पूर्ण वर घेतल्यावर २० सेंटिमीटरच्या आसपास जातात. खरेदी करताना ही दुसरी संख्या विसरली जाते. हे साधन माल इथून तिथे नेते, पण त्यावरची सर्वांत खालची गोणी उचलताना माणूस जमिनीजवळच वाकलेला राहतो.

त्यासाठी कात्रीसारख्या यंत्रणेने सुमारे ८० सेंटिमीटरपर्यंत उंचावणारा हाय-लिफ्ट ट्रक मिळतो. त्याची क्षमता साधारण १ टन असते. आपल्या उदाहरणात तो एकटाच बराच प्रश्न सोडवतो, कारण थर संपत जातील तसा पॅलेट वर घेतला की गोणी कमरेच्या उंचीवरच राहते. एक अडचण मात्र खरेदीआधी तपासावी: त्याचे आधाराचे पाय जमिनीवरच राहत असल्यामुळे खालून आडव्या फळ्या मारलेला बंद पॅलेट त्यावर उचलता येत नाही. ही गोष्ट यंत्र दारात आल्यावर कळलेले लोक कमी नाहीत.

दोन्ही ट्रकांचा खरा शत्रू उतार आहे. १ टन भार ३ टक्के उतारावर सुमारे ३० किलोच्या जोराने स्वतःहून खाली ओढला जातो, आणि बहुतेक साध्या ट्रकांना ब्रेक नसतो. फरशी सपाट व गुळगुळीत असेल, उंबरे व खड्डे नसतील आणि अंतर बेताचे असेल तरच हा पर्याय निवडावा. ट्रक शक्यतो ढकलावा. ओढताना पाठ पिळली जाते आणि टाच चाकाखाली येण्याची भीती असते.

फोर्कलिफ्ट: धोका कमी होत नाही, बदलतो

हातांनी उचलण्यातली इजा रोज थोडी थोडी साचते. फोर्कलिफ्टमुळे ती साचणे थांबते, पण तिच्या जागी क्वचित घडणारे आणि जीवघेणे अपघात येतात. निर्णय घेणाऱ्याने हा फरक समोर ठेवला पाहिजे. नेहमीची २.५ टनांची फोर्कलिफ्ट स्वतः साधारण ३.५ ते ४ टनांची असते, मागच्या चाकांनी वळते आणि वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा) व भार चालकासमोरचे दृश्य अडवतात. पायी चालणाऱ्यांची वाट तिच्या वाटेपासून कठड्याने वेगळी करणे शक्य नसेल, तर यंत्र कितीही चांगले असले तरी ती जागा त्याच्यासाठी नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

क्षमतेचा आकडाही निर्णयात फसवतो. २.५ टन ही क्षमता भारकेंद्र, म्हणजे भाराच्या वजनाचा मध्य, फोर्कच्या उभ्या पृष्ठापासून ५०० मिलिमीटरवर असेल तेव्हाची असते. पुढच्या चाकांचा आस त्या पृष्ठापासून सुमारे ४५० मिलिमीटर मागे आहे असे धरले, तर भारकेंद्र ७०० मिलिमीटरवर गेल्यावर क्षमता साधारण २ टनांवर येते. भार उंच नेला किंवा जोडसाधन लावले की ती आणखी घटते. म्हणून सर्वांत लांब पॅलेट आणि सर्वांत उंच रॅक यांच्यासाठी किती क्षमता उरते, हे यंत्रावरच्या क्षमतेच्या पाटीवर पाहावे.

वाटेची रुंदीही मोजावी. अशा फोर्कलिफ्टला वळून रॅकमध्ये माल ठेवायला साधारण ३.५ ते ४ मीटर रुंद वाट लागते. रीच ट्रकला (फोर्क पुढे सरकवून माल ठेवणाऱ्या यंत्राला) ३ मीटरच्या आत भागते, पण त्याला उत्तम सपाट फरशी हवी असते. बंद जागेत डिझेलचा धूर हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि विद्युत यंत्र घेतले तरी शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो, म्हणून चार्जिंगची जागा हवेशीर असावी.

मोटर, डाय किंवा शाफ्ट यांसारखी एखादीच जड वस्तू कधीतरी उचलायची असेल, तर फोर्कलिफ्टपेक्षा वर बसवलेला चेन ब्लॉक (साखळीने ओढून भार उचलणारी कप्पी) बरा. तिथे भार बांधण्याच्या पट्ट्यांचा कोन सांभाळावा. १,००० किलोचा भार दोन पट्ट्यांनी उचलताना पट्टे जमिनीशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर सुमारे ५८० किलोचा ताण येतो. ३० अंशांत असतील तर प्रत्येकावर पूर्ण १,००० किलो येतात.

थप्पी की रॅक?

थप्पीला भांडवल लागत नाही, आणि एकाच प्रकारचा माल लवकर फिरत असेल तर ती पुरते. पण तिची शिस्त कडक असावी लागते. अमेरिकेच्या बांधकाम-सुरक्षा नियमांनुसार गोण्यांचे थर पायरीसारखे आत घेत न्यावेत आणि निदान दर १० गोण्यांच्या उंचीला आडवे-उभे रचून एकमेकांत अडकवावेत. काढताना वरून काढायच्या. खालची गोणी ओढून काढली की थप्पी कोसळते. आडवे ठेवलेले पिंप आणि पाइप यांना पाचर लावल्याशिवाय थप्पी रचू नये.

रॅकमुळे कोणताही पॅलेट बाकीच्यांना हात न लावता काढता येतो, म्हणजे उचल वाचते. मात्र रॅक आणि फोर्कलिफ्ट एकत्र आले की खांबांना धक्के बसणार, हे धरूनच चालावे. युरोपीय मानकाप्रमाणे १ मीटर लांबीची सरळ पट्टी खांबाला लावल्यावर बीमच्या (पॅलेट पेलणाऱ्या आडव्या तुळईच्या) दिशेने ५ मिलिमीटर किंवा खोलीच्या दिशेने ३ मिलिमीटरपेक्षा जास्त बाक दिसला, तर तो खांब दुरुस्तीला पात्र ठरतो. १२ महिन्यांच्या आत एकदा तज्ज्ञाकडून तपासणी आणि त्याशिवाय आठवड्याची स्वतःची नजर, एवढे करण्याची तयारी नसेल तर उंच रॅक घेऊ नयेत. बीम खांबाला अडकवून ठेवणाऱ्या खिळी निघालेल्या असणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत स्वस्तात सुधारणारी चूक असते. वर आग विझवणारे पाण्याचे फवारे असतील तर माल आणि फवारा यांत किमान ४५ सेंटिमीटर मोकळे ठेवावेत. जड माल खाली, हातांनी काढायचा माल कमरेच्या उंचीवर आणि क्वचित लागणारा हलका माल वर, ही मांडणी फळीवर लिहून टाकावी, नाहीतर महिन्याभरात ती विस्कटते.

आपल्या ४०० गोण्यांच्या उदाहरणात माझी निवड अशी असेल: पुरवठादाराकडून माल पॅलेटवरच मागवावा, ट्रकच्या उंचीचा धक्का (माल उतरवण्याचा ओटा) असेल तर साध्या पॅलेट ट्रकने तो उतरवावा, पॅलेट जमिनीवर एकाच थरात ठेवावेत आणि यंत्रापाशी हाय-लिफ्ट ट्रक ठेवावा. तीन उचलींची एक होते आणि तीही कमरेच्या उंचीवर. ट्रकला धक्का नसेल, किंवा जागा अपुरी असल्यामुळे पॅलेट दुसऱ्या व तिसऱ्या पातळीवर न्यावेच लागत असतील, तर फोर्कलिफ्टला पर्याय नाही. मग यंत्राच्या खर्चात कठडे, खांबांची संरक्षक कवचे, प्रशिक्षित चालक आणि फरशीची दुरुस्ती धरावी, आणि उतरवण्याच्या वेळेत त्या भागात पायी येणे बंद ठेवावे.