एका सर्व्हरवर अनेक डोमेन: मेल पेटीत कुणी टाकायचा?

दादरला साड्यांचं दुकान, गिरगावात छापखाना, ठाण्याला पतपेढी. तिघांची डोमेन वेगळी, पण मेल एकाच भाड्याच्या सर्व्हरवर. अशा छोट्या मंडळींचे मेल सांभाळताना नव्या ॲडमिनचा एक प्रश्न मला हमखास येतो: ‘पोस्टफिक्स बसवलं, डोमेनचं एमएक्स वळवलं, आता आलेला मेल पेटीत टाकायचा कसा?’ (पोस्टफिक्स म्हणजे मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम; एमएक्स म्हणजे डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचा ते सांगणारी नोंद.) रस्ते चार आहेत आणि पहिल्या दिवशी चारही चालतात. फरक कळतो सहा महिन्यांनी. कुणाची पेटी भरते, कुणी गावी जातो, कुणी चुकीच्या पत्त्यावर मेल पाठवतो, तेव्हा. म्हणून मी त्याच प्रसंगांवरून ही तुलना करतोय.

त्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. चाळीच्या जिन्याशी पोस्टमन आला आणि खालीच कुणी सांगितलं, ‘या नावाचं इथे कुणी राहत नाही’, तर पत्र त्याच्याच हातात राहतं. पुढचं तो बघतो. पण आपण पत्र हसतमुखाने घेतलं आणि नंतर लक्षात आलं की असा माणूसच नाही, तर पाकिटावर मागे लिहिलेल्या पत्त्यावर ते आपल्याला परत धाडावं लागतं. स्पॅमच्या पाकिटावरचा तो पत्ता बहुतेक वेळा खोटा, म्हणजे कुणा तिऱ्हाइताचा असतो. असे उलटे मेल भलत्याच लोकांना जात राहिले की तुमच्या सर्व्हरचं नाव खराब होतं, आणि मग दुकानाचे खरे कोटेशनचे मेलही समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतात. जो नकार द्यायचा तो दारात द्यायचा. चारही पर्याय मी आधी या कसोटीवर घासतो.

पहिला रस्ता: प्रत्येकाला लिनक्सचं खातं

सगळ्यात जुनी पद्धत. सर्व्हरवर खरे युजर बनवायचे आणि डोमेनची नावं ‘मायडेस्टिनेशन’ या सेटिंगमध्ये लिहायची. अडचण लगेच येते. ‘अकाउंट्स’ नावाची पेटी दुकानाला हवी, छापखान्याला हवी, पतपेढीलाही हवी. मायडेस्टिनेशनमधल्या सगळ्या डोमेनना पोस्टफिक्स एकच घर समजतं, त्यामुळे तिन्ही पत्त्यांचे मेल एकाच खात्यात जातात. पतपेढीच्या सभासदाचं कर्जाचं पत्र साड्यांच्या दुकानात उघडलं जाणं कुणालाही परवडणारं नाही. यावर तोड म्हणजे व्हर्च्युअल एलियस डोमेन: प्रत्येक पूर्ण पत्ता वेगळ्या युजरकडे वळवायचा. ते चालतं, पण वीस पेट्यांसाठी वीस लिनक्स युजर आणि त्यांचे पासवर्ड सांभाळणं आलं.

या पद्धतीचा एक खरा गुण सांगायलाच हवा. प्रत्येक पेटीचा मालक वेगळा युजर असल्यामुळे फाइलींच्या पातळीवर भिंती उभ्या राहतात. सर्व्हरवर लोक आधीच लॉगिन करून काम करत असतील, उदाहरणार्थ एखाद्या कॉलेजच्या विभागात, तर हाच रस्ता ठेवा. नव्याने सुरू करणाऱ्याने इकडे वळू नये.

दुसरा: पोस्टफिक्सचा स्वतःचा ‘व्हर्च्युअल’ एजंट

एजंट म्हणजे मेल पेटीत टाकणारा छोटा प्रोग्रॅम. हा पोस्टफिक्सबरोबरच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. डोमेनची यादी ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स’मध्ये, पत्त्यांची यादी ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स मॅप्स’मध्ये, आणि सगळ्या पेट्यांचा मालक एकच युजर, ज्याला बहुतेक जण ‘व्हीमेल’ म्हणतात. पोस्टफिक्सच्या कागदपत्रांतल्या उदाहरणात या मालकाचा क्रमांक ५००० आहे. पत्त्यासमोर फोल्डरचा मार्ग लिहायचा. शेवटी तिरकी रेघ असली तर मेलडिर, म्हणजे प्रत्येक मेलची वेगळी फाइल. रेघ नसली तर एमबॉक्स, म्हणजे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलीत. ती एक रेघ राहिली की मेल पोचल्याचं लॉग सांगतो आणि पेटी मात्र रिकामी दिसते. शोधताना दिवस जातो.

हा एजंट मला मनापासून आवडतो, कारण तो फार थोडं करतो. डव्हकॉट, म्हणजे लोकांना पेटीतले मेल वाचायला देणारा प्रोग्रॅम, बंद असलं तरी मेल फोल्डरमध्ये पडत राहतो. डव्हकॉटच्या २.४ आवृत्तीने कॉन्फिगरेशनची मांडणीच बदलली. जुनी फाइल तशीच ठेवून अपग्रेड केलं की डव्हकॉट उठत नाही. अशा वेळी या रस्त्यावर लोकांना थोडा वेळ मेल वाचता येत नाहीत, पण येणाऱ्या मेलचं काही अडत नाही.

दोन खड्डे मात्र माहीत हवेत. ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स लिमिट’ हे नाव वाचून सगळ्यांना तो पेटीचा कोटा, म्हणजे पेटीत एकूण किती मावेल याची मर्यादा, वाटतो. तो डीफॉल्ट ५,१२,००,००० बाइट्सचा आहे, पण मेलडिरमध्ये ही मर्यादा एकेका मेलच्या फाइलीला लागते, अख्ख्या पेटीला नाही. पेटी फुगत फुगत डिस्क भरेपर्यंत कुणी अडवत नाही. दुसरा खड्डा छापखान्यासारख्या गिऱ्हाइकाचा. पोस्टफिक्स डीफॉल्टने १,०२,४०,००० बाइट्सपर्यंतचा मेल घेतं. जोडलेली फाइल मेलमध्ये साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे साडेसात एमबीच्या आसपासची पीडीएफ कशीबशी बसते. लग्नपत्रिकेचं डिझाइन त्यात मावत नाही, म्हणून कुणीतरी ‘मेसेज साइज लिमिट’ शंभर एमबीवर नेतं. आता ही मर्यादा ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स लिमिट’पेक्षा मोठी झाली की एजंट सुरूच होत नाही आणि मेल रांगेत साचतात. दोन्ही आकडे एकत्रच वाढवा.

आणि जे त्याला येतच नाही ते: कोटा, फिल्टर, पेटीवाल्याने स्वतः लावलेलं फॉरवर्ड, सुट्टीचं उत्तर. दुकानातली निम्मी माणसं गणपतीला कोकणात जातात. ‘गावी आहे, आठवड्याने बोलू’ असं आपोआप उत्तर त्यांना हवं असतं, आणि ते या एजंटच्या हातात नाही.

तिसरा: पाइपमधून डव्हकॉटचा एलडीए

इथे पोस्टफिक्स प्रत्येक मेलसाठी डव्हकॉटचा छोटा प्रोग्रॅम चालवतं, आणि तो मेल पेटीत टाकतो. फिल्टर आणि कोटा मिळतात. पण प्रत्येक मेलमागे एक नवी प्रोसेस उभी राहते, आणि एका वेळी एकच पेटी द्यायची म्हणून ‘रेसिपियंट लिमिट’ एकवर ठेवावी लागते. जुन्या सर्व्हरवर हे चालू असेल तर घाईने तोडू नका. नव्याने निवडायचं असेल तर सरळ पुढे जा.

चौथा: एलएमटीपी

मेल सर्व्हर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती एसएमटीपी. एलएमटीपी म्हणजे तिचंच सर्व्हरच्या आतलं, शेवटच्या टप्प्याचं भावंड. आरएफसी २०३३ मध्ये ते १९९६ साली आलं. एसएमटीपीत एक मेल पाच जणांना असेल तर मजकूर पोचल्यावर पाचांसाठी मिळून एकच उत्तर येतं. एलएमटीपीत प्रत्येकासाठी वेगळं उत्तर येतं: चौघांना पोचला, पाचव्याची पेटी भरली आहे. त्यामुळे पोस्टफिक्सला फक्त पाचव्याचं बघावं लागतं आणि चौघांकडे तोच मेल दुसऱ्यांदा जात नाही. बाकीचं काम डव्हकॉटची चालू असलेली प्रोसेस करते. पोस्टफिक्समध्ये ‘व्हर्च्युअल ट्रान्सपोर्ट’ची एक ओळ बदलायची आणि डव्हकॉटचं सॉकेट (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची जागा) पोस्टफिक्सच्या ‘प्रायव्हेट’ फोल्डरमध्ये उघडायचं, इतकंच. ते सॉकेट तिथे हवं, कारण बऱ्याच सर्व्हरवर पोस्टफिक्सच्या प्रोसेस त्याच्या रांगेच्या फोल्डरात कोंडून चालवलेल्या असतात, ‘प्रायव्हेट’ त्याच्याच आत आहे, आणि बाहेरचं त्यांना दिसत नाही.

आता गणपतीचं उत्तर जमतं. सीव्ह नावाची छोटी फिल्टर-भाषा आहे, तिच्यातली ‘व्हेकेशन’ आज्ञा डीफॉल्टने एका माणसाला सात दिवसांत एकदाच उत्तर देते, आणि मेलच्या ‘टू’ किंवा ‘सीसी’त तुमचा पत्ता असेल तरच देते. मेल ‘इन्फो’ या पत्त्यावर आला आणि एलियसने तुमच्या पेटीत पडला, तर उत्तर जाणार नाही. तो पत्ता आज्ञेत वेगळा लिहावा लागतो. ‘माझ्या सहकाऱ्याचं उत्तर जातं, माझं का जात नाही?’ या तक्रारीचं कारण दहापैकी नऊ वेळा हेच निघतं.

कोटाही मिळतो, पण त्यात माझी पहिली कसोटी आडवी येते. पोस्टफिक्सने मेल दारात स्वीकारला, मग डव्हकॉटला विचारलं, आणि डव्हकॉट म्हणालं पेटी भरली आहे. डीफॉल्टने तो कायमचा नकार असतो, म्हणजे पोस्टफिक्सला मेल उलटा पाठवावा लागतो. तात्पुरता नकार द्यायला सांगितलं तर मेल पाच दिवसांपर्यंत रांगेत थांबतो, पण मार्चअखेरीला भरलेली पतपेढीची पेटी पाच दिवसांत कुणी रिकामी करेलच असं नाही. यावर चांगला उपाय डव्हकॉटमध्येच आहे: ‘कोटा-स्टेटस’ नावाची सेवा. पोस्टफिक्स दारातच तिला विचारतं, जागा आहे का? नसेल तर पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला तिथेच नाही म्हणतं. कोटा लावणार असाल तर ही सेवा लावल्याशिवाय लावू नका.

आणखी एक चूक खास बहु-डोमेनवाल्यांची. पुष्कळ ठिकाणी दिलेल्या नमुना फाइलीत डव्हकॉट युजरच्या नावातून डोमेन कापून टाकतं. एका डोमेनच्या सर्व्हरला ते ठीक. तुमच्याकडे तीन ‘अकाउंट्स’ असतील तर पहिल्या रस्त्यावरचा तोच गोंधळ परत येईल. युजरचं नाव म्हणजे पूर्ण पत्ता, हे डव्हकॉटला स्पष्ट सांगा.

पत्त्यांची यादी: फाइल की डेटाबेस?

पेट्या तीस-चाळीस आणि बदल महिन्यातून एकदा असतील तर साधी मजकूर फाइल आणि तिचं पोस्टफिक्सला वाचता येणारं रूप बनवणारी ‘पोस्टमॅप’ आज्ञा पुरेशी आहे. फक्त काही नव्या लिनक्स वितरणांनी बर्कली डीबी, म्हणजे ही यादी साठवण्याची जुनी पद्धत, काढून टाकली आहे; तिथे ‘हॅश’ऐवजी ‘एलएमडीबी’ लिहावं लागतं. फाइलींचा तोटा एवढाच की पत्ते पोस्टफिक्सकडे, पासवर्ड डव्हकॉटकडे, आणि दोन याद्या एकमेकींशी जुळत ठेवायच्या. गिऱ्हाईक स्वतः पेट्या उघडणार-बंद करणार असेल तर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस घ्या, दोघांनाही एकच टेबल वाचू द्या. डेटाबेस बंद पडला तर मेल हरवत नाही. पोस्टफिक्स तात्पुरता नकार देतं आणि पाठवणारा सर्व्हर पुन्हा येतो.

एलएमटीपी घेतलं की काही जण ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स मॅप्स’ हे सेटिंग रिकामंच ठेवतात, ‘डव्हकॉट बघून घेईल’ म्हणून. तसं करू नका. ते सेटिंग रिकामं असलं की पोस्टफिक्स त्या डोमेनचा कुठलाही पत्ता खरा मानून घेतं. म्हणजे जिन्यापाशी विचारणारं कुणी नाही आणि सगळी पत्रं वर.

एलियसबद्दल एक अनुभव सांगतो. एका दुकानाने मागितलं, ‘चुकीच्या नावाने आलेला मेलही मालकांना मिळू दे.’ मी एलियसच्या यादीत त्या डोमेनचा कॅच-ऑल, म्हणजे कुठल्याही नावाचा मेल एकाच पेटीकडे वळवणारी ओळ, टाकला. दोन दिवस विक्रीच्या आणि हिशेबाच्या पेट्या कोरड्या राहिल्या आणि मालकांच्या पेटीत सगळ्यांचे मेल जमा झाले. एलियसची यादी पेट्यांच्या यादीच्या आधी वाचली जाते, आणि कॅच-ऑल खऱ्या पेट्यांनाही गिळतो. प्रत्येक खरा पत्ता एलियसमध्ये स्वतःकडेच वळवून लिहिला तेव्हा मेल जागेवर जाऊ लागले. आज मला विचाराल तर कॅच-ऑल देऊच नका. स्पॅमसाठी ते उघडं दार आहे.

मग घ्यायचं काय?

पाच-दहा पेट्या, सगळ्यांना फक्त मेल वाचायचेत, कोटा-सुट्टी काही नको: दुसरा रस्ता, साध्या फाइलीसकट. माणसं बदलतात, पेट्या भरतात, लोक गावी जातात: एलएमटीपी, डेटाबेस आणि दारातला कोटा. आणि रात्री अकराला ‘मेल येत नाहीये’ असा फोन आल्यावर लॉग उघडून बसणारं तुमच्याकडे कुणी नसेल, तर यातलं काहीही न घेता पेटीमागे पैसे देऊन तयार सेवा घ्या. पतपेढीसारख्या ठिकाणी त्याची मला कधीच खंत वाटली नाही.

कुठलाही रस्ता घ्या, एक डोमेन एकाच यादीत ठेवा. मायडेस्टिनेशन आणि व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स या दोन्हींत एकच नाव असेल तर पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा देतं, तो वाचा. लॉग किती दिवस ठेवायचे तेही आत्ताच ठरवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात लॉग १८० दिवस ठेवायला सांगितले आहेत, आणि बऱ्याच सर्व्हरवर लॉगरोटेट (जुने लॉग काढून टाकणारा प्रोग्रॅम) डीफॉल्टने चारच आठवड्यांचे ठेवतं.

दुसऱ्यावरून चौथ्यावर नंतर जाता येतं. मेलडिर तेच, फोल्डर तेच. डव्हकॉटला जुना मार्ग बरोबर दिला की जुने मेल हलवावे लागत नाहीत. बदल केल्यावर पहिली चाचणी खऱ्या पत्त्यावर घेऊ नका. बाहेरच्या मशीनवरून पोर्ट २५ ला जोडा आणि त्या डोमेनचा अस्तित्वात नसलेला पत्ता द्या. ५५० हा आकडा (म्हणजे नकार) आणि ‘युजर अननोन इन व्हर्च्युअल मेलबॉक्स टेबल’ हे शब्द आले की यादी बरोबर वाचली जातेय. २५० (म्हणजे पत्ता स्वीकारला) आला तर तिथेच थांबा, एमएक्स वळवू नका.