रेवदंड्याच्या खाडीसाठी घेतलेली 12 फुटी कयाक: कोणाचं कुठे ऐकावं

सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न शिरता वरच बसायची, रोटोमोल्ड (साचा फिरवून घडवलेल्या) प्लास्टिकची, लांबी 12 फूट, रुंदी 29 इंच, वजन 27 किलो. कुंडलिका नदीच्या मुखाशी, रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधल्या पाण्यात एकटीने वल्हवायला म्हणून घेतली आणि पावसाळा सोडून पूर्ण हंगाम वापरली. गाडीभाडं धरून साठ हजारांच्या आत बसली. कंपनीपेक्षा होडीचा प्रकार निवडणं अवघड असतं, म्हणून मी प्रकाराबद्दलच लिहितेय.

घेण्याआधी इंटरनेटवर भरपूर वाचलं. बहुतेकांचं मत एकच: सिट-ऑन-टॉप ही रिसॉर्टवर भाड्याने द्यायची चीज, खरं वल्हवायचं असेल तर कॉकपिटवाली, म्हणजे पाय आत घालून बसायची बंद, लांब पल्ल्याची 14 फुटी टूरिंग कयाकच घ्या. त्यात तथ्य आहे. पाण्याला टेकलेली लांबी जास्त तितका वेग जास्त, आणि अरुंद होडी कमी कष्टात पुढे सरकते. पण हे लिहिणारे बहुतेक जण अमेरिका-कॅनडातल्या थंड सरोवरांत वल्हवणारे. तिथलं पाणी काही मिनिटांत हातपाय बधिर करतं, त्यामुळे अंग कोरडं ठेवणारी बंद होडी ही तिथली गरज आहे. आपल्याकडे जानेवारीतही समुद्राचं पाणी 25 अंशांच्या आसपास असतं. माझ्यासारख्या चौलच्या बाईला भिजण्याची भीती नाही, उन्हाची आहे.

माझं वजन 58 किलो. ही गोष्ट एकाही ऑनलाइन परीक्षणात मला सापडली नाही, कारण लिहिणारे जवळपास सगळे नव्वद किलोचे पुरुष. त्यांना जी होडी 'एकदम स्थिर' वाटते ती माझ्याखाली पाण्यात पुरेशी बसतच नाही, उंच तरंगते, आणि बाजूने वारा आला की नाक वाऱ्याकडे वळवत राहते. मग सगळी ताकद एकाच हाताने होडी सरळ ठेवण्यात जाते.

हे मला सांगितलं गोव्यात सागरी कयाकिंग शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकांनी. त्यांच्याकडे गेले तेव्हा मी मॉडेलांची यादी पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "ताई, पाणी कुठलं? महिने कुठले? सोबत कोण?" खाडी, ऑक्टोबर ते मे, बहुतेकदा एकटी, असं म्हटल्यावर बाकी सगळी चर्चा याच तीन उत्तरांवरून झाली.

मग वेगवेगळ्या होड्यांत बसवून प्रत्येकीतून मला मुद्दाम पाण्यात पाडलं. कॉकपिटवाली उलटली की तिच्यात घागरीसारखं पाणी भरतं. ते पंपाने उपसायचं, तेही होडीला धरून तरंगत असताना, आणि मदतीला दुसरं कोणी नसताना. सिट-ऑन-टॉप सुलटी केली की तिच्या तळातल्या आरपार भोकांतून पाणी आपोआप निथळून जातं. पोटावर आडवं पडायचं, कूस वळवायची, बसायचं, पाय आत घ्यायचे. सर म्हणाले, "एकटीने जाणार असाल तर ज्या होडीवर एकटीने परत चढता येतं तीच तुमची होडी." माझा निर्णय तिथेच झाला.

लाइफ जॅकेटही त्यांनीच बदलायला लावलं. माझं नारंगी जॅकेट घालून बंद कसले, आणि त्यांनी खांद्यांपाशी धरून वर उचललं. जॅकेट कानांपर्यंत आलं, मी होते तिथेच राहिले. पाण्यात असंच होतं: जॅकेट तरंगतं, माणूस त्यातून खाली सरकतो. बाजूला पट्टे असलेलं आणि कंबरेशी घट्ट बसणारं दुसरं घेतलं. होडीच्या किमतीत थोडी काटछाट करा, पण जॅकेटमध्ये करू नका.

हवेची कयाक घेण्याचा मोह मलाही होता. घडी घालून डिकीत मावते, घरात ठेवता येते. पवना किंवा मुळशीच्या पाण्यासाठी मी आजही तीच सुचवेन. खाडीसाठी मात्र नाही म्हणाले आमच्याकडचे नाखवा, ज्यांनी आयुष्यात कयाक वल्हवलेली नाही. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर आणि जेट्टीच्या खांबांवर कालवं असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. माझ्या होडीच्या तळावर आता बोटाला लागतील असे ओरखडे आहेत. जाड प्लास्टिकला त्यांनी काही होत नाही.

नाखव्यांनी आणखी एक शिकवलं, आणि हंगामभर मला तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. तिथीची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावरच्या भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊण म्हणजे सहा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याला ओढ कमी. नवशिक्यासाठी याहून चांगली सकाळ नाही: उजाडताना खाडी भरलेली, काठाचा चिखल झाकलेला, वारा पडलेला. पुनव-अमावस्येच्या उधाणाला दुपारी ओहोटी बाहेर ओढते आणि त्याच वेळी खारे वारे समोरून येतात. पाणी आणि वारा समोरासमोर भिडले की मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. त्यात साळावच्या जेट्टीकडे ये-जा करणाऱ्या बार्जेसच्या लाटा. "वारा पडलाय तवरच, बाय," एवढंच ते सांगतात, आणि मी दहाच्या आत काठाला लागते.

याचा अर्थ इंटरनेट निरुपयोगी असा नाही. होडी कशी चालते हे प्रशिक्षकाला कळतं. दोन वर्षांनी तिचं काय होतं हे मालकालाच कळतं. सीटच्या पट्ट्यांचे प्लास्टिकचे बक्कल आधी जातात, हॅचच्या (सामान ठेवायच्या कप्प्याच्या) झाकणातून पाणी झिरपतं, कडक उन्हात दोनच टेकूंवर ठेवली तर तळ आत दबतो: हे तिन्ही मी मालकांच्या तक्रारींत वाचलं होतं. बक्कल खरंच तुटलं. हॅचमध्ये प्रत्येक फेरीला वाटीभर पाणी येतं, म्हणून फोन आणि चावी पाणी न शिरणाऱ्या ड्राय बॅगेत. तळ मात्र शाबूत आहे, कारण पहिल्या दिवसापासून होडी पडवीत, उलटी, रुंद पट्ट्यांवर टांगलेली आहे.

वल्ह्याच्या बाबतीत दोघांचं जमत नव्हतं. ऑनलाइन सल्ला 240 सेंटिमीटरचा, सरांचा 230 चा. दोन्ही हातात धरून पाहिली. लांब वल्ह्याने माझे खांदे लवकर भरून आले, 230 च ठेवलं.

वजन ही या होडीची खरी अडचण आहे. 27 किलो आणि 12 फूट एकट्या बाईला उचलता येत नाही. गावातल्या वेल्डरकडून सायकलच्या दोन चाकांची गाडी करून घेतली, तिच्यावरून जेट्टीपर्यंत ओढत नेते. मोटारीच्या टपावर चढवायला मात्र दुसरं माणूस लागतंच.

आणि याच नदीवर वर कोलाडला, भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटतं तेव्हा, खळाळात उतरायचं असेल तर ही घेऊ नका. तिथे आठ-नऊ फुटी, दोन्ही टोकांना वर वळलेली, जागच्या जागी फिरणारी होडी लागते, आणि ती चालवायला वेगळं शिक्षण. खाडी, बॅकवॉटर, तारकर्लीची कर्ली नदी, गोव्यातली कांदळवनं यांसाठी मी हीच पुन्हा घेईन, फक्त सीट पितळी बक्कलांची मागेन.