फाटक, कुलूप की बोगदा? रेल्वे क्रॉसिंगवर गावाने नेमकं काय मागावं

रेल्वे फाटकाचा विषय ग्रामसभेत निघाला की ठरावात बहुतेक एकच वाक्य उतरतं: 'सदर फाटकावर सुरक्षेची योग्य ती व्यवस्था करण्यात यावी.' रेल्वेच्या कार्यालयात या वाक्यावर काहीच करता येत नाही. 'व्यवस्था' म्हणजे नवा दांडा असेल, सिग्नलशी जोडलेलं कुलूप असेल, रुळाखालून बोगदा असेल, नाहीतर वरून उड्डाणपूल. चारही गोष्टींचा खर्च वेगळा, निकष वेगळे, गावाला होणारा त्रासही वेगळा. तेव्हा अर्ज लिहिण्याआधी या पर्यायांत फरक काय आहे ते पाहून घेतलेलं बरं.

आपल्याकडे ब्रॉडगेजवरची बिनफाटकाची क्रॉसिंग्ज जानेवारी 2019 अखेर संपली, असं रेल्वे सांगते. ती संपायलाच हवी होती. फेब्रुवारी 2005 मध्ये नागपूरजवळ कन्हानला वऱ्हाड घेऊन निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला अशाच क्रॉसिंगवर गाडीने उडवलं आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. जुलै 2014 मध्ये तेलंगणातल्या मासाईपेटला शाळेच्या बसला धडकलेली गाडी आपल्या नांदेडहून सुटलेली पॅसेंजर होती. आता प्रत्येक ठिकाणी माणूस आहे, दांडा आहे. पण माणूस आला म्हणजे धोका गेला, असं होत नाही.

फोनवर चालणारं फाटक

देशात सुमारे 17 हजार फाटकं आहेत. त्यांतली 11 हजारांच्या आसपास सिग्नलशी जोडलेली, म्हणजे इंटरलॉक केलेली. उरलेली फोनवर चालतात. स्टेशन मास्तर गेटमनला फोन करून सांगतो, अमुक गाडी सुटतेय, फाटक बंद कर. गेटमन फाटक बंद करतो आणि खात्री म्हणून एक 'प्रायव्हेट नंबर' देतो. तो नंबर मास्तर वहीत लिहून घेतो आणि गाडी सोडतो.

पद्धत वाईट नाही. वर्षानुवर्षं लाखो गाड्या अशाच गेल्या आहेत. फक्त यात फाटक आणि सिग्नल यांच्यामध्ये शब्द सोडून दुसरं काहीच नसतं. गेटमनला डुलकी लागली, मागच्या गाडीचा फोन पुढच्या गाडीचा समजला गेला, किंवा नंबर आधी दिला आणि दांडा नंतर टाकू म्हटलं, तरी सिग्नल हिरवाच राहतो. फाटक उघडं आहे हे ड्रायव्हरला कळतं ते डोळ्यांनी दिसल्यावर, आणि तेव्हा ब्रेक मारून उपयोग नसतो. 8 जुलै 2025 रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमला पॅसेंजर गाडीने शाळेची व्हॅन उडवली, तीन विद्यार्थी दगावले. ते फाटक इंटरलॉक केलेलं नव्हतं.

आपलं फाटक कोणत्या जातीचं आहे, हे रुळावर न उतरताही कळतं. फाटकाच्या अलीकडे सिग्नलचा खांब आहे का आणि त्यावर पिवळ्या गोल पाटीवर काळा 'जी' आहे का, ते रस्त्यावरूनच पाहा. असला तर तो गेट सिग्नल, म्हणजे फाटक जोडलेलं आहे. नुसती 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी दिसली तर ती ड्रायव्हरने शिट्टी वाजवावी यासाठी असते, तिचा कुलपाशी संबंध नाही. स्टेशनच्या हद्दीतल्या फाटकांना मात्र 'जी' नसतो. ती स्टेशनच्याच सिग्नलांना जोडलेली असू शकतात, तिथे मास्तरला विचारावं लागतं.

कुलूप-किल्लीचं इंटरलॉकिंग

माझं मत आधीच सांगून टाकतो: एकच गोष्ट मागायची असेल तर ही मागा. यात फार इलेक्ट्रॉनिक्स नाही. विंच, तारा, लोखंडी खिट्टी आणि किल्ली यांवर सगळा खेळ आहे, आणि मूळ कल्पना तर 1856 मध्ये इंग्लंडात जॉन सॅक्सबीने पेटंट घेतलं तेव्हापासूनची: एक लेव्हर विशिष्ट जागी असल्याशिवाय दुसरा हलूच नये.

फाटकावर ते असं चालतं. गेटमन विंचचा हँडल फिरवतो, दोन्ही बाजूंचे दांडे एकदम खाली येतात आणि त्यांची टोकं समोरच्या खांबांच्या बेचक्यांत बसतात. मग लॉकची खिट्टी आत सरकते. ती पुरती सरकली नाही तर किल्ली फिरत नाही, आणि फिरली नाही तर कुलपातून निघत नाही. एखाद्या बाजूला मोटारसायकलचा आरसा जरी दांड्याखाली अडकला तरी काम तिथेच थांबतं. सगळं नीट बसलं की गेटमन किल्ली काढतो आणि झोपडीतल्या ट्रान्समीटरमध्ये घालून फिरवतो. किल्ली तिथे अडकून बसते आणि स्टेशनकडच्या जोडीदार यंत्रातली किल्ली सुटते. ती लावल्यावरच सिग्नल देता येतो. गाडी फाटक ओलांडून गेली, सिग्नल पुन्हा लाल झाला, की किल्ल्यांचा प्रवास उलटा होतो. काही ठिकाणी सिग्नलचे लेव्हर गेटमनकडेच असतात. तिथे ट्रान्समीटर लागत नाही, नियम मात्र तोच.

नियम दोनच आहेत. फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नल देता येणार नाही. आणि सिग्नल दिला असेल तर फाटक उघडता येणार नाही. यामुळे गेटमनच्या चुकीचा परिणामच बदलतो. तो झोपला तर गाडी बाहेर सिग्नलला उभी राहते, प्रवासी वैतागतात, मास्तर ओरडतो. माणूस मरत नाही.

दांडा तुटला तर? उसाच्या ट्रॉलीने किंवा घाईतल्या टेम्पोने दांडा उडवणं हे नेहमीचंच. अशा वेळी खिट्टी बसत नाही आणि सिग्नल आपोआप लालच राहतो. 'जी' पाटी असलेल्या लाल सिग्नलपाशी ड्रायव्हर दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबतो आणि मग फाटकापर्यंत जपून येतो. तिथे गेटमनने हात-सिग्नल दिला तर पुढे जातो. त्यामुळे लाइन तुंबून राहत नाही. शिवाय बऱ्याच फाटकांवर बाजूला सरकणारा एक जादा दांडा असतो. मुख्य दांडा मोडला की तो आडवा सारून त्याच कुलूप-व्यवस्थेत काम पुढे चालवता येतं. अर्जात हा सरकता दांडा स्पष्टपणे मागा, लोक विसरतात.

आता तोटा. इंटरलॉक फाटक जास्त वेळ बंद राहतं, आणि गावात यावरूनच जास्त ओरड होते. पण त्याला कारण आहे. वेगातली गाडी थांबायला साधारण किलोमीटरभर लागतो, म्हणून गेट सिग्नलच्या आधी सुमारे एक किलोमीटरवर दुसरा सिग्नल ड्रायव्हरला आगाऊ कल्पना देतो. तो सिग्नल दिसण्याआधीच फाटक बंद होऊन कुलूप लागलेलं हवं. शंभरच्या वेगाने येणारी एक्स्प्रेस दोन किलोमीटर सव्वा मिनिटात कापते, चाळीसने येणाऱ्या मालगाडीला तीन मिनिटं लागतात. त्यात फोन, विंच आणि किल्लीचा वेळ धरा. पाठोपाठ दोन गाड्या आल्या तर दहा मिनिटं कुठे जात नाहीत. ज्या गावाला दवाखाना रुळापलीकडे आहे, त्याने हे मनाशी धरूनच निर्णय घ्यावा.

मोटरवरचा दांडा

दिसायला हाच सर्वांत झकास. बटण दाबलं की भोंगा वाजतो, रस्त्याकडचे लाल दिवे लागतात आणि दांडे काही सेकंदांत खाली येतात. विंच फिरवण्याचे कष्ट वाचतात. वर्दळीच्या फाटकावर ही चैन नाही, दिवसभर हँडल मारून गेटमनचे खांदे भरून येतात आणि थकलेला माणूस उशीर करतो.

पण एक घोटाळा होतो. 'आमच्याकडे आता इलेक्ट्रिक फाटक आलं' म्हणजे ते सुरक्षित झालं, असं लोक धरून चालतात. मोटर दांडा हलवते, सिग्नलला बांधून ठेवण्याचं काम इंटरलॉकिंगच करतं. बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकत्र येतात हे खरं, तरीही कागदावर 'इंटरलॉकिंगसह' हा शब्द आहे ना, हे वाचूनच टाळ्या वाजवा. बॅटरीची सोय आहे का आणि वीज गेल्यावर हाताने चालवायचा हँडल आहे का, हेही विचारा. भारनियमन सोसलेल्या गावाला हे निराळं सांगायला नको. हातचा विंच आणि मोटर यांत निवड करायची वेळ आली तर कमी गाड्यांच्या फाटकावर मी हातच्या विंचलाच पसंती देईन. बिघडला तर जवळच्या फिटरला तो उमजतो.

बोगदा, म्हणजे मर्यादित उंचीचा भुयारी मार्ग

रेल्वेला स्वतःला हाच पर्याय आवडतो, कारण फाटकच बंद करता येतं. गेटमनचा पगार नाही, गाडीचा खोळंबा नाही आणि टक्कर होण्याची शक्यताच उरत नाही. सुरक्षेच्या मोजपट्टीवर याला तोड नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं.

प्रश्न पावसाळ्यात येतो. रूळ भरावावर उंच असेल आणि शेजारचा ओढा बोगद्याच्या तळापेक्षा खाली असेल तर पाणी आपोआप निघतं, बोगदा उत्तम चालतो. रूळ जमिनीच्या पातळीवर असेल तर रस्ता खड्ड्यात उतरवावा लागतो आणि तिथे पाणी साचणारच. मग पंप आला, पंपाला वीज आली, आणि पंप कोण चालवणार यावर रेल्वे व ग्रामपंचायत यांच्यात पत्रव्यवहार आला. मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, वरून चिखल वाहून येतो. मराठी वर्तमानपत्रांत दर जुलैत बोगद्यात अडकलेल्या एसटीचा फोटो येतो तो उगीच नाही. म्हणून नकाशा दाखवायला अधिकारी आले की पहिला प्रश्न तळाच्या पातळीचा विचारा: पाणी कुठल्या नाल्यात जाणार आणि तो नाला किती खाली आहे? उत्तरात नुसता 'पंप' आला तर संमती देण्याची घाई करू नका.

दुसरी गोष्ट उंचीची. विजेच्या तारा असलेल्या मार्गावर फाटकाशी जे उंचीचं कमानीसारखं बंधन असतं ते 4.67 मीटरचं. बोगदा बहुधा त्याहून ठेंगणा निघतो. पुणे-मिरज पट्ट्यातला उसाचा ट्रक, कडब्याची गाडी, हार्वेस्टर यांना तेवढ्यात जाता येईल का, हे हंगामातलं भरलेलं वाहन मोजून ठरवा, रिकामं नको.

उड्डाणपुलाबद्दल थोडक्यात. तो सर्वांत उत्तम आणि सर्वांत महाग. रेल्वे व राज्य यांनी खर्च वाटून घ्यायची जुनी अट म्हणजे फाटकावरची वर्दळ एक लाख टीव्हीयूच्या (रोजच्या रेल्वेगाड्या गुणिले वाहनं, हिशेब पुढे दिला आहे) वर हवी. महाराष्ट्रात महारेल या राज्य सरकार आणि रेल्वेच्या संयुक्त कंपनीने असे पूल बांधले आहेत, पण लहान गावाने त्याच्या आशेवर आजचं फाटक तसंच ठेवू नये. 'कवच' या गाडीला आपोआप ब्रेक लावणाऱ्या सुरक्षा यंत्रणेचंही तेच. त्यात फाटक जवळ येताच इंजिनाची शिट्टी आपोआप वाजते आणि लाल सिग्नल ओलांडू दिला जात नाही. पण फाटक सिग्नलला जोडलेलंच नसेल तर कवचला ते उघडं आहे हे कळणार कुठून?

आकडा कसा मोजायचा

सगळं गाडं येऊन अडतं ते टीव्हीयूवर. चोवीस तासांतल्या गाड्यांना वाहनांनी गुणायचं. मोटार, ट्रक, बैलगाडी एक धरतात, रिक्षा अर्धी, दुचाकी पाव. म्हणजे रोज 50 गाड्या आणि 200 वाहनं असतील तर 10 हजार. इंटरलॉकिंगसाठी पूर्वी 20 हजारांची अट होती, कडलूरच्या अपघातानंतर ती 10 हजारांवर आणली गेली. आधी नकार मिळालेल्या अनेक गावांचा अर्ज आता बसू शकतो, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

दुचाकी पाव धरल्यामुळे गावाचा अंदाज नेहमी चुकतो. 'दिवसाला हजार वाहनं जातात' म्हणताना त्यातल्या आठशे मोटारसायकली असतात, आणि त्या हिशेबात दोनशेच भरतात. मोजणी कधी होते यावरही बरंच अवलंबून. मे महिन्यातल्या आणि गाळप हंगामातल्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. गणना हंगामात व्हावी अशी लेखी मागणी करा आणि त्याच दिवसांत आपल्या पोरांना बसवून स्वतंत्र नोंद ठेवा.

अर्ज मंडल रेल्वे प्रबंधकांकडे, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. त्यात फाटकाचा क्रमांक आणि झोपडीशेजारच्या पाटीवरचा किलोमीटर जसाच्या तसा लिहा. स्टेशन हद्दीबाहेरची फाटकं इंजिनिअरिंग विभागाकडे आणि हद्दीतली ऑपरेटिंगकडे असतात, चुकीच्या टेबलावर गेलेला कागद महिनोन्महिने फिरतो. फाटक बंद करून बोगदा देण्याचा प्रस्ताव आला तर जिल्हाधिकाऱ्यांकडून संमती मागितली जाते. ग्रामपंचायतीचं म्हणणं नोंदवायची वेळ तीच. काम सुरू झाल्यावर रस्ता अडवून काही हाती लागत नाही.