माझदा एमएक्स-५ 'एनबी' ट्रॅक डेसाठी: एका हंगामानंतर काय टिकलं, काय बदलावं लागलं

ट्रॅक डे म्हणजे स्वतःची गाडी शर्यतीशिवाय सर्किटवर पळवण्याचा दिवस. त्यासाठीची आमची गाडी दुसऱ्या पिढीची, म्हणजे 'एनबी' एमएक्स-५, कापडी टपाची उघडी गाडी. २००१ नंतरचं मॉडेल, १.८ लिटरचं व्हीव्हीटी (व्हॉल्व्हची वेळ बदलणारं) इंजिन, १४६ अश्वशक्ती, पाच गिअर, मागे एलएसडी (एकच चाक फुकट फिरू न देणारा डिफरन्शियल). वापर इंग्लंडमध्ये: घरून निघून सर्किट गाठायचं, दिवसभर पळवायची आणि त्याच टायरवर घरी परत. ट्रेलर नाही. ब्रँड्स हॅचचा छोटा इंडी ट्रॅक, स्नेटरटन आणि कॅडवेल पार्क अशा तीन वेगळ्या स्वभावाच्या सर्किटवर अख्खा हंगाम चालवल्यानंतरचं हे मत आहे.

इंजिनाला हात लावलेला नाही आणि लावायची गरज वाटलेली नाही. खर्च करायचा तर तो थांबण्यावर, वळण्यावर आणि चालकाला जागेवर धरून ठेवण्यावर करा. टर्बो बसवला की रेडिएटर, क्लच, पाच गिअरचा बॉक्स, ब्रेक सगळंच अपुरं पडायला लागतं. नाकापेक्षा मोती जड अशी गत होते आणि गाडी ट्रॅकपेक्षा जॅकवरच जास्त दिसते.

एकही पार्ट मागवण्याआधी गाडी वर घेऊन गंज बघा. इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं आणि एनबीच्या पुढच्या चेसिस रेल (गाडीच्या सांगाड्याचे लांब आधार) दुपदरी पत्र्याच्या आहेत. पाणी आणि मीठ दोन पदरांमध्ये अडकतं, त्यामुळे बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि आतून पत्रा पापडासारखा झालेला असतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, आवाज बद्द आला की समजा. दुसरी जागा म्हणजे मागच्या चाकाच्या पुढचं सिलचं, म्हणजे दाराखालच्या पट्टीचं, टोक. कापडी टपावरचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली उतरतं. त्या पानांनी आणि मातीने तुंबल्या की पाणी गाडीच्या पोटात मुरतं. नळी मऊ केबलने साफ करा, टोकदार तारेने आतलं रबर फाटतं. वेल्डिंगचं काम असेल तर ते रोल बारच्या (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या पोलादी कमानीच्या) आधी, कारण कुजक्या पत्र्यावर बसवलेल्या बारला काही अर्थ नाही.

आता ब्रेक. या गाडीच्या पुढच्या डिस्क २५५ मिमीच्या आहेत, मागच्या २५१ च्या. स्पोर्ट मॉडेलला २७० आणि २७६ मिमी येतात. जेमतेम अकराशे किलोच्या गाडीला छोट्या डिस्कही पुरतात, फक्त पॅड आणि ब्रेक ऑइल बदलायला हवं. साध्या डॉट ४ ऑइलला प्रमाणानुसार ताजं असताना किमान २३० अंश आणि ओलावा शोषल्यावर किमान १५५ अंश सेल्सिअस उत्कलनबिंदू असावा लागतो. जुनं ऑइल स्नेटरटनच्या बेंटली स्ट्रेट या लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी हमखास उकळतं. मोटूल आरबीएफ ६०० चा ताज्या ऑइलचा आकडा ३१२ अंशांचा आहे. आम्ही तेच वापरतो. हंगामाच्या सुरुवातीला पूर्ण बदल, मध्यावर पुन्हा एकदा आणि प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी चारही कॅलिपरमधून (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागांतून) थोडं काढून हवा बघायची. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या जवळ ठेवा. उघडून महिनोन्महिने कपाटात राहिलेली बाटली टाकून द्या.

ब्रेक दोन तऱ्हेने दगा देतो आणि दोन्हींतला फरक पायाला ओळखता आला पाहिजे. पेडल मऊ होऊन खोल जात असेल तर ऑइल उकळलंय. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्याच्या तापमानाच्या पलीकडे गेलाय. पहिल्यात पॅड बदलून उपयोग नाही आणि दुसऱ्यात ऑइल बदलून. फेरोडो डीएस२५०० पुढे-मागे लावले आहेत. थंडीत सकाळी सिग्नललाही नीट पकडतात आणि वीस मिनिटांच्या सत्रात मान टाकत नाहीत. पॅड जसा झिजतो तशी उष्णता पिस्टनकडे आणि ऑइलकडे जास्त पोचते, म्हणून ट्रॅकच्या वापरात अर्धा झिजला की काढा. डिस्क साध्याच घ्या. भोकं पाडलेल्या डिस्कला भोकांच्या कडेपासून तडे जातात.

नवे पॅड घातल्यावर पेडल लांब राहतं आणि कितीही हवा काढली तरी सुधारत नाही, ही या गाडीची नेहमीची तक्रार. कारण मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा आहे आणि तिचं समायोजन हाताने करावं लागतं. हँडब्रेक सोडा. कॅलिपरच्या मागच्या बाजूला १४ मिमीच्या पान्याने निघणारा बोल्ट आहे, तो निव्वळ झाकण. त्याच्या आत ४ मिमीची ॲलन की बसते. डिस्क हाताने फिरेनाशी होईपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवा, मग साधारण एक तृतीयांश फेरा उलट. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की पेडल वर येतं. त्याऐवजी हँडब्रेकची केबल ताणून काम भागवू नका. सत्र संपवून पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचाही नाही. तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे ब्रेक थरथरतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली ठोकळा लावा.

सुरक्षेच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. उघड्या गाडीला रोल बार नसेल तर बरेच आयोजक ट्रॅकवर सोडतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. सीटमागे मिरवणाऱ्या चकचकीत कमानी म्हणजे रोल बार नव्हे. हार्डटॉपही नव्हे. मुख्य कमान ४५ मिमी व्यासाच्या, २.५ मिमी जाडीच्या जोडविरहित पोलादी नळीची, मध्ये तिरपा आधार, मागे दोन पाय आणि पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने जाड पट्ट्या, इतकं असलंच पाहिजे. मग हेल्मेट घालून बसा आणि दुसऱ्याला विंडस्क्रीनच्या वरच्या कडेपासून बारच्या माथ्यापर्यंत सरळ काठी धरायला सांगा. हेल्मेट काठीच्या किमान ५० मिमी खाली हवं. सहा फुटी माणूस मूळ सीटवर या चाचणीत बसत नाही. त्यासाठी फिक्स्ड बकेट सीट (शरीराला बाजूंनी धरणारी एकसंध सीट) थेट जमिनीला बोल्ट केली, रुळ काढून टाकले. डोकं आपटू शकेल तिथे बारला कडक फोम लावा, पाण्याच्या पाइपाला गुंडाळतात तो मऊ फोम नव्हे.

हार्नेसबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. रोल बार न लावता फक्त सहा-पॉइंट हार्नेस (सहा जागी बांधला जाणारा शर्यतीचा पट्टा) लावणारे दिसतात. साध्या तीन-पॉइंट पट्ट्यात गाडी उलटली तर शरीराला बाजूला झुकायला थोडी जागा मिळते. हार्नेस धड ताठ बांधून ठेवतो, आणि वर बार नसेल तर सगळा भार मानेवर येतो. बार, बकेट सीट, हार्नेस आणि मानेला धरणारं हॅन्स हे चारही एकत्र घ्यायचे किंवा मूळ पट्ट्यावरच राहायचं. खांद्याचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेपेक्षा २० अंशांहून जास्त खाली उतरू नयेत. कमरेचा पट्टा पोटावर न येता कटीच्या हाडावर बसला पाहिजे. गाडी रस्त्यावरही चालते म्हणून मूळ पट्टे आणि स्टिअरिंगची एअरबॅग तशीच ठेवली आहे. एअरबॅगचा दिवा पेटता राहिला तर ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत गाडी नापास होते.

सस्पेन्शनच्या कामाला एक दिवस पुरेल असं समजू नका. खालच्या आर्मचे लांब बोल्ट, ज्यांच्यावर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) बदलतात, ते बुशच्या (रबरी जोडाच्या) आतल्या पोलादी नळीत गंजून एकजीव झालेले असतात. पाना लावला की नटासह सगळा बुश पिळतो, बोल्ट मात्र जागचा हलत नाही. गॅस आणि घणाच्या भानगडीत सबफ्रेमचे कान वाकवण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी करवतीने कापा आणि नवे बोल्ट, नवे बुश घाला. बोल्टच्या दांड्याला अँटी-सीझ भरपूर लावा. चारही कोपऱ्यांचे बोल्ट आधीच मागवून ठेवा, नाहीतर गाडी आठवडाभर स्टँडवर राहते.

कॉइलओव्हरवर (उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-डॅम्परच्या संचावर) स्प्रिंग पुढे ७ आणि मागे ५ किलो प्रति मिमी आहेत. ब्रँड्सवर याहून कडक चाललं असतं, पण कॅडवेलच्या चढउतारांवर आणि तिथल्या 'माउंटन'वर कडक गाडी उड्या मारते, आणि परतीच्या रस्त्यावर कंबर बोलायला लागते. उंची कमी करण्याचा मोह आवरा. या गाडीत सस्पेन्शनला दबायला जागा मुळात कमी आहे. फार खाली नेली तर ती बम्प स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर अडवणाऱ्या रबरावर) बसते आणि वळणाच्या मध्यावर पकड एकदम सुटते. सिलच्या कडेपासून जमिनीपर्यंत पुढे १२० मिमीच्या आसपास, मागे ५ ते १० मिमी जास्त, इथे थांबलो. अलाइनमेंट: पुढे कॅम्बर उणे २.८ अंश, मागे उणे २.३, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) ५ अंशांच्या जवळ, पुढचा टो शून्य, मागे किंचित आत. मोजणी सीटवर चालकाचं वजन ठेवूनच करा. पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारी सळई) एक पायरी जाड घेतला, मागचा मूळचाच. हंगामातला सर्वांत जास्त फरक याच कामाने पडला, नव्या टायरनेसुद्धा इतका पडला नव्हता.

टायर १९५/५०आर१५ मापाचे नानकांग एनएस-२आर. कोरड्यात भरवशाचे. सुटताना कसे सुटणार ते आधी सांगतात, आणि नवख्या हाताला हे फार उपयोगी. साचलेल्या पाण्यात मात्र हलकी गाडी तरंगते, मोटरवेवर पावसात वेग उतरवाच. हवा थंड टायरमध्ये २४ पीएसआय भरून निघायचं आणि पिटमध्ये आल्या आल्या, टायर गरम असताना, २८ ते ३० दरम्यान आणायची. दुपारी ऊन वाढलं की पुन्हा तपासा. पुण्या-मुंबईहून पोलो घेऊन कोइमतूरच्या कारी किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर जाणाऱ्यांनी सुरुवातीचा दाब याहूनही काळजीने ठरवावा, तिथल्या उन्हात तो झपाट्याने चढतो. घरी निघताना दाब परत वाढवायला विसरू नका. चाकांचे नट एम१२ x १.५ आहेत. कंपनीची मर्यादा ८८ ते ११८ न्यूटन-मीटर, आम्ही ११० वर कसतो आणि पहिल्या सत्रानंतर चाकं निवल्यावर पुन्हा बघतो.

कूलिंगमध्ये फसवतो तो डॅशबोर्ड. एनबीचा तापमानाचा काटा मोठ्या टप्प्यात मधोमध स्थिर राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ऑइल प्रेशरचा काटाही खरा दाब दाखवत नाही, दाब आहे की नाही एवढंच सांगतो. दोन्हींसाठी वेगळे सेन्सर आणि गेज लावा. जुन्या रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाक्या तपकिरी झाल्या असतील तर त्या केव्हाही फुटतील. अॅल्युमिनियमचा रेडिएटर, नवे होज, नवा थर्मोस्टॅट आणि ६ लिटर कूलंट, एवढ्यावर इंग्लंडच्या हवेत भागतं. इंजिनाखालची प्लॅस्टिकची प्लेट वजन वाचवायला काढू नका. ती नसेल तर हवा रेडिएटरमधून न जाता खालून निसटते. इंजिन ऑइल ५डब्ल्यू-४० सिंथेटिक, पातळी कायम वरच्या खुणेवर, कारण लांब वळणात ते एका बाजूला सरतं.

गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल, साधारण २ लिटर. जीएल-५ डिफरन्शियलमध्ये, १ लिटर. क्लचचा स्लेव्ह सिलेंडर (ऑइलच्या दाबाने क्लच ढकलणारा भाग) गळायला लागला की पेडल खाली राहतं आणि गिअर खरवडतो. पार्ट स्वस्त आहे, लक्षण दिसायची वाट न बघता बदला. गिअर लिव्हरखालचं रबर फाटलं असेल तर आतून गरम हवा पायांवर येते.

वजन कमी करताना स्टेपनी, जॅक, कार्पेट आणि टपाचा सांगाडा काढला. हीटर ठेवला, कारण पावसात काच धुरकटते. बॅटरी या गाडीत डिकीत असते, म्हणून वायू बाहेर नेणारी नळी लावता येईल अशीच घ्या, नाहीतर डिकीचा पत्रा खाल्ला जातो.

सायलेन्सर मूळचाच आहे. आवाजाची चाचणी नळीपासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशांत, साधारण कमाल आरपीएमच्या तीन चतुर्थांशावर होते. मर्यादा सर्किटप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलते, त्यामुळे मोठ्या आवाजाची नळी लावून सकाळीच परत पाठवलेल्या गाड्या दिसतात. रस्त्याचा विमा ट्रॅकवर सहसा लागू होत नाही. दिवसापुरतं वेगळं संरक्षण मिळतं, आणि केलेला प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवलेला असावा लागतो. लॅप टायमरला (फेरीची वेळ मोजणाऱ्या यंत्राला) बहुतेक ठिकाणी परवानगी नसते, तो घरीच ठेवा.

हंगामाअखेर सर्वांत थकलेला भाग पुढचे हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग. चिकट टायर आणि उजवीकडची सततची वळणं यांनी डाव्या हबचं बेअरिंग आधी जातं. प्रत्येक ट्रॅक डेनंतर चाक वर घेऊन वरून-खालून धरून हलवतो. टकटक जाणवली किंवा फिरवताना खरखर आली की तो हब काढायचाच, कारण सैल बेअरिंगमध्ये डिस्क डगमगते, पॅड मागे ढकलले जातात आणि पुढच्या ब्रेकिंगला पेडल पहिल्या दाबात रिकामं जातं. बेअरिंग वेगळं मिळत नाही, हबसकट येतं. पुढच्या हंगामाआधी दोन्ही बाजूंचे बदलणार आहोत आणि उजवा जुना, अजून घट्ट असलेला हब पान्यांसोबत डिकीत राहील.