पित्ताशयातले खडे: ऑपरेशन की वाट पाहणं?

सोनोग्राफी बहुतेक वेळा दुसऱ्याच कशासाठी तरी केलेली असते आणि अहवालात मध्येच एक ओळ येते: पित्ताशयात खडे. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, जिवाशी खेळ कशाला, ऑपरेशन करून पित्ताशयच काढून मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, आमच्या आत्याला कित्येक वर्षांपासून आहेत, तिला कधी काही झालं नाही. दोघांचंही खरं असू शकतं, कारण खडे सारखे दिसले तरी माणसं वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. खडे आहेत पण त्रास नाही, हा पहिला टप्पा. अधूनमधून कळ येते, हा दुसरा. आणि खड्यांनी पित्ताशयाला सूज आणली, पित्तनलिका अडवली किंवा स्वादुपिंड दुखावलं, हा तिसरा. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यावर उत्तर जवळपास ठरलेलं असतं. खरी तुलना करावी लागते ती मधल्या टप्प्यावर.

दुखणं खड्यांचंच आहे का?

टप्पा ठरवतानाच सगळ्यात जास्त घोळ होतो. खड्याची कळ बरीचशी ओळखता येते. ती वरच्या पोटात, मध्यभागी किंवा उजव्या बरगड्यांखाली येते. अनेकदा जेवणानंतर तासाभराने सुरू होते, किंवा रात्री झोपेतून उठवते. चढत जाते आणि मग एका पातळीवर टिकून राहते, अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत. पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या पात्याखाली जाते. मळमळ होते, उलटी होते. कूस बदला, ढेकर काढा, शौचाला जाऊन या, ॲसिडिटीची गोळी घ्या, तिला फरक पडत नाही. मग आपली आपण ओसरते आणि पुढचा झटका कधी आठवड्याने येतो, कधी वर्षाने.

छातीत जळजळ, आंबट ढेकर, जेवलं की पोट फुगणं, दिवसभर ठुसठुसणं, गॅस हा सगळा प्रकार वेगळा. खडे नसलेल्यांनाही तो होतो, आणि खडे असलेल्यांना तो खड्यांमुळेच होत असेल असं नाही. पित्ताशय काढल्यावर ही जळजळ तशीच राहिली तर दोष ऑपरेशनला जातो.

नेदरलँड्समध्ये खडे आणि पोटदुखी असलेल्या हजारावर रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एका गटात सर्जननी नेहमीच्या पद्धतीने निर्णय घेतले, दुसऱ्यात वेदनेचे ठरावीक निकष लावून. दोन्ही गटांत बहुतेकांचं ऑपरेशन झालंच. वर्षभरानंतर पूर्णपणे वेदनामुक्त होते पहिल्या गटातले ६० टक्के आणि दुसऱ्या गटातले ५६ टक्के. म्हणजे दर पाचांतल्या दोघांना काही ना काही दुखत होतं. निकष लावूनही आकडा सुधारला नाही, हे मला त्यातलं जास्त बोचरं वाटतं. कोणतं दुखणं कशाचं, हे निवडून काढणं सर्जनलाही जड जातं, आणि त्यात रुग्ण ‘पोट दुखतं’ एवढंच सांगत असेल तर आणखीच. म्हणून वही काढा आणि प्रत्येक झटका लिहा: किती वाजता, किती वेळ, कुठे, कुठपर्यंत गेला, कशाने थांबला. दोन-तीन झटक्यांची अशी नोंद एखाद्या जास्तीच्या तपासणीपेक्षा उपयोगी पडते.

त्रास काहीच नसेल तर

थांबा. बहुसंख्य लोकांसाठी हेच उत्तर आहे आणि त्यात निष्काळजीपणा नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या, त्रास नसलेल्या पण खडे सापडलेल्या १२३ जणांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला आणि १९८२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पहिल्या ५ वर्षांत १० टक्क्यांना त्रास सुरू झाला, १० वर्षांत १५ टक्क्यांना, १५ वर्षांत १८ टक्क्यांना. त्या गटात बहुतेक पुरुष होते, हे लक्षात ठेवायला हवं. पण एकूण कल पुढेही तसाच दिसत आला आहे: मोठा वर्ग आयुष्यभर खडे घेऊन निर्धास्त जगतो. शिवाय गुंतागुंत होण्याआधी बहुधा साधी कळ येऊन सूचना मिळते. एकदम गंभीर काही उद्भवणं अशक्य नाही, पण नेहमीचंही नाही.

मधुमेह आहे म्हणून त्रास नसतानाही काढून टाका, असा सल्ला पूर्वी सर्रास मिळायचा. आता तो मागे पडला आहे.

अपवाद मोजके आहेत. खडा ३ सेंटीमीटरपेक्षा मोठा असेल, पित्ताशयात १ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब) असेल, किंवा पित्ताशयाच्या भिंतीत चुना (कॅल्शियम) साठला असेल, तर कर्करोगाच्या धोक्यामुळे ऑपरेशनचा विचार होतो. सिकलसेलसारख्या आजारात तांबड्या पेशी सतत फुटतात, रंगद्रव्याचे खडे होतात आणि त्यांची कळ व मूळ आजाराची कळ वेगळी करणं कठीण जातं. तिथेही डॉक्टर लवकर निर्णयाकडे झुकतात.

आकाराबद्दल एक. लोक मोठ्या खड्याला घाबरतात आणि ‘बारीकच आहेत’ म्हणून निश्चिंत होतात. खरं तर बारीक खडेच पित्ताशयातून निसटून नलिकेत उतरतात, आणि स्वादुपिंडाच्या सुजेचं एक मोठं कारण तेच आहेत.

गुंतागुंत झाली असेल तर

इथे प्रश्न ‘करायचं का’ असा नसतो, ‘कधी’ एवढाच असतो. कळ सहा तासांपेक्षा जास्त टिकली, ताप-थंडी आली, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, उलट्या थांबेनात, यांपैकी काहीही झालं तर हा लेख बाजूला ठेवून रुग्णालय गाठा.

‘आधी सूज उतरू द्या, महिन्या-दोन महिन्यांनी बघू’ हा जुना शिरस्ता आजही ऐकू येतो. तीव्र सुजेच्या रुग्णांवर जर्मनीच्या पुढाकाराने झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाखल झाल्यापासून २४ तासांत ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांना अडचणी आल्या. अँटिबायोटिक देऊन ऑपरेशन पुढे ढकललेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होतं. खड्यांमुळे स्वादुपिंडाला सौम्य सूज आलेल्यांवर नेदरलँड्समध्ये झालेली २०१५ ची चाचणीही तेच सांगते. त्याच मुक्कामात पित्ताशय काढलेल्यांत पुन्हा खड्यांमुळे दाखल होण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण ५ टक्के, घरी पाठवून नंतर बोलावलेल्यांत १७ टक्के. प्रकृती फारच नाजूक असेल, भूल झेपणारी नसेल, तर गणित बदलतं. पण ‘आता बरं वाटतंय, कशाला’ हे कारण पुरेसं नाही.

नलिकेत अडकलेला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून, ईआरसीपी करून काढतात. त्यानंतर अनेकांना वाटतं, काम झालं. नलिका मोकळी झाली हे खरं, पण खडे बनवणारं पित्ताशय जागच्या जागी आहे.

अधूनमधून कळ येत असेल तर

आता मधला टप्पा. खरीखुरी कळ एक-दोनदा येऊन गेली आहे, ताप नाही, कावीळ नाही, रक्ताच्या तपासण्या ठीक आहेत. इथे दोन्ही वाटा रास्त आहेत.

अलीकडेपर्यंत ‘कळ आली की ऑपरेशन’ हे सूत्र होतं. ब्रिटनमधल्या ४३४ रुग्णांच्या चाचणीने त्याला जरा हलवलं. २०२३ च्या अखेरीस ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना ऑपरेशनचा सल्ला, निम्म्यांना वेदनाशामक आणि आहाराचा. १८ महिन्यांनी शारीरिक वेदनेच्या मोजमापात दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. थांबलेल्या गटातल्या फक्त २५ टक्क्यांचं त्या काळात ऑपरेशन झालं. मात्र ऑपरेशनच्या गटातही प्रत्यक्षात ६७ टक्क्यांचंच झालं होतं, त्यामुळे ही तुलना ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्यांची नव्हे, दोन धोरणांची आहे. आणि १८ महिने म्हणजे फार काळ नव्हे. चाळिशीतल्या माणसापुढे अजून कित्येक वर्षं असतात.

थांबलात तर काय मिळतं? भूल नाही, कापाकापी नाही, आणि कळ पुन्हा येणारच नाही अशी शक्यताही आहे. बदल्यात अनिश्चितता येते. झटका प्रवासात येईल, परीक्षेच्या आदल्या रात्री येईल, गरोदरपणात येईल. एकदा कळ सुरू झालेल्यांत गंभीर गुंतागुंतीचा धोका साधारण वर्षाला १ ते ३ टक्के धरतात. एका वर्षापुरता तो किरकोळ दिसतो, पण दरवर्षी नव्याने लागू होतो. तेलकट, तुपकट कमी केल्याने झटके कमी होऊ शकतात, कारण स्निग्ध पदार्थांनीच पित्ताशय जोरात आकुंचन पावतं. खडे मात्र त्याने विरघळत नाहीत.

ऑपरेशन केलंत तर खड्याची कळ आणि पित्ताशयाची सूज हे प्रकरण जवळपास मिटतं. दुर्बिणीने, पोटावर बहुधा चार छोटी छिद्रं पाडून ते होतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी, आणि एक-दोन आठवड्यांत बहुतेक जण कामावर. पोट फुगवायला वापरलेल्या वायूमुळे पहिले एक-दोन दिवस खांदा दुखतो. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण उगाच घाबरतात. काही वेळा दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन पोट उघडून पूर्ण करावं लागतं आणि मग सावरायला महिना-दीड महिना लागतो. सर्जनने तसं केलं तर ते अपयश समजू नका. धूसर दिसत असताना पुढे कापत जाणं जास्त वाईट.

कारण या ऑपरेशनमधली खरी भीती मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याची आहे. हजार ऑपरेशनांत साधारण ३ ते ५ वेळा ती होते. प्रमाण कमी आहे, पण ज्याला होते त्याला मोठी दुरुस्ती-शस्त्रक्रिया आणि अनेक वर्षांचा पाठपुरावा सोसावा लागू शकतो. ती टाळण्यासाठी पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच गोष्टी, त्याची नळी आणि त्याची धमनी, पूर्ण मोकळ्या करून स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही न कापण्याची पद्धत १९९५ पासून रूढ होत गेली. निरोगी माणसाचं ठरवून केलेलं ऑपरेशन असेल तर मृत्यूचा धोका हजारात एकापेक्षा कमी असतो. वय, हृदयविकार किंवा सुजलेलं पित्ताशय यांमुळे तो वाढतो.

पित्ताशयाशिवाय पचन चालतं का? चालतं. पित्त यकृतात तयार होतं. पित्ताशय ते फक्त साठवून, दाट करून जेवणाच्या वेळी सोडतं. ते काढल्यावर पित्त थेट आतड्यात झिरपत राहतं. काहींना त्यामुळे पातळ शौचाचा त्रास होतो. बहुतेकांचा तो काही आठवड्यांत कमी होतो, थोड्यांचा टिकतो, आणि त्यावर औषध आहे. ज्यांना आधीपासूनच जुलाबाची सवय आहे त्यांनी हा मुद्दा तराजूत जरा जड धरावा.

माझा कल विचाराल तर: झटके वारंवार येत असतील, वय फार नसेल, खडे बारीक असतील किंवा पुढच्या वर्षभरात गरोदरपणाचा विचार असेल, तर सवडीने, तब्येत चांगली असताना करून घ्यावं. एकच झटका आला असेल, दुखणं नक्की कशाचं याची शंका असेल किंवा भुलेचा धोका मोठा असेल, तर थांबून नोंद ठेवण्यात शहाणपण आहे.

गोळीने विरघळतील का?

अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड नावाचं औषध आहे. खडे कोलेस्टेरॉलचे, लहान आणि चुना न साठलेले असतील, पित्ताशय नीट काम करत असेल, तरच त्याचा उपयोग होतो, तोही सहा महिने ते दोन वर्षं घेतल्यावर. थांबवलं की सुमारे निम्म्या लोकांत ५ वर्षांत खडे परत येतात. झपाट्याने वजन उतरताना नवे खडे होऊ नयेत म्हणून मात्र ते उपयोगी आहे. नुसते खडे काढून पित्ताशय ठेवण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण तिथेही परत होण्याचाच प्रश्न येतो. मुतखड्यासारखे हे खडे भरपूर पाणी पिऊन पडत नाहीत, कारण त्यांचा रस्ताच वेगळा. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन शौचातून जे हिरवट गोळे पडतात, ते तपासले तेव्हा तेलापासूनच झालेला साबणासारखा पदार्थ निघाला. सोनोग्राफीत खडे होते तिथेच राहतात.

सर्जनला भेटताना

वही सोबत न्या. माझ्या वर्णनातलं कोणतं दुखणं ऑपरेशनने जाईल आणि कोणतं राहील, हे सरळ विचारा. नलिकेत खडा नाही याची खात्री कशी केली, तेही विचारा. पित्ताशयातले खडे सोनोग्राफीला सहसा चुकत नाहीत, पण नलिकेतले हुकू शकतात. त्यासाठी यकृताच्या रक्ततपासण्या आणि गरज पडल्यास एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, लागते. आणि आत गेल्यावर रचना स्पष्ट दिसली नाही तर तुम्ही काय करता, हेही विचारा. पोट उघडतो, पित्ताशयाचा काही भाग सोडून देतो किंवा अनुभवी सहकाऱ्याला बोलावतो, यांपैकी कोणतंही उत्तर चांगलं आहे. ‘असं माझ्याकडे होत नाही’ असं ऐकलंत तर दुसरं मत घ्या.