सांतियागोला चालत जायचंय, पण सारियातून की तुईतून?

आमच्या रविवारच्या यवतेश्वर घाट ग्रुपमधल्या एका काका-काकूंचं स्पेनमध्ये सांतियागोपर्यंत चालत जायचं ठरतंय, सगळं ठरलं पण सुरुवात सारियातून करायची की तुईतून यावर गाडी अडलीय. मी दोन्ही वाटा चाललोय म्हणून सविस्तर लिहितो, म्हणजे साताऱ्यातून अजून कोणी निघणार असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

आधी दोन्हीकडे सारखं काय ते. सांतियागो दे कॉम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्ये येशूचा शिष्य सेंट जेम्स याची समाधी आहे अशी श्रद्धा आहे, नवव्या शतकात ती सापडली असं मानतात आणि तेव्हापासून लोक तिथे चालत येतायत. किमान 100 किमी पायी आलात की तिथल्या पिलग्रिम ऑफिसात लॅटिनमध्ये तुमचं नाव घातलेलं सर्टिफिकेट फुकट मिळतं, त्यालाच कॉम्पोस्तेला म्हणतात. त्यासाठी क्रेदेन्सियाल नावाचं घडीचं कार्ड घ्यायचं आणि त्यावर रोज दोन शिक्के मारून घ्यायचे, चर्च, कॅफे, मुक्कामाची जागा कुठेही मारून देतात. सारियापासून साधारण 115 किमी, तुईपासून दोन-चार किमी जास्त, आरामात सहा दिवस. पिवळे बाण आणि शिंपल्याची खूण असलेले दगड दोन्ही वाटांवर भरपूर आहेत, वाट चुकायची भीती नको.

सारिया म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध फ्रेंच वाटेचा शेवटचा तुकडा, ही वाट 1993 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. पोर्तोमारिन, पालास दे रेइ, मेलिदे, आर्सुआ, पेद्रोउसो असे मुक्काम पडतात. दगडी कुंपणांमधून, ओक आणि चेस्टनटच्या सावलीतून गायीगुरांच्या गल्ल्या, धान्य साठवायची खांबांवर उभी असलेली दगडी कोठारं, शेवटी निलगिरीची जंगलं, वाट खरंच सुंदर आहे आणि चहा-कॉफीला दर थोड्या अंतरावर काहीतरी सापडतंच. पण गर्दी प्रचंड, कारण 100 किमीची अट पूर्ण करायला बहुतेक लोक इथूनच निघतात, त्यात शाळांच्या सहली, आणि सरकारी अल्बर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, बुकिंग होत नाही त्यामुळे उन्हाळ्यात बेडसाठी पहाटे निघायची घाई सुरू होते. चढउतार सतत लहान लहान, पहिल्या दिवशी पोर्तोमारिनच्या आधीचा उतार गुडघ्यांना जाणवतो.

पोर्तोमारिनबद्दल मात्र मला वेगळं सांगायचंय. जुनं गाव 1960 च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेलं, आणि त्याआधी तिथलं किल्ल्यासारखं चर्च दगड दगड सुटा करून वर टेकडीवर नेऊन पुन्हा उभं केलं. भिंतीजवळ जाऊन बघा, दगडांवर तेव्हा घातलेले आकडे अजून दिसतात. मी तिथे बराच वेळ बसलो होतो, ज्यांनी कोयनेच्या शिवसागरात बुडालेल्या गावांच्या गोष्टी घरात ऐकल्यात त्यांना त्या भिंतीपुढे काय वाटेल ते मी वेगळं सांगायला नको.

आता तुई. हे मिन्यो नदीवरचं सरहद्दीचं गाव, पलीकडे पोर्तुगालचं वालेंसा आणि त्याचा मोठा तटबंदीचा किल्ला. पोर्तुगालमधल्या पोर्तोला उतरून ट्रेनने वालेंसाला यायचं, किल्ला बघायचा आणि 1886 च्या लोखंडी पुलावरून चालत स्पेनमध्ये शिरायचं, घड्याळ एक तास पुढे. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो, पण जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाचा काढा. चढ कमी, गर्दी कमी, पण डांबरी रस्ता जास्त आणि पोरिन्योच्या आसपास इंडस्ट्रियल एरिया लागतो, तिथे नदीकाठचा पर्यायी रस्ता आहे तोच धरा. डांबरामुळे तळपाय दुखतात, जाड सोलचे बूट लागतात. पुढे पोंतेसांपायोचा दगडी पूल, तिथे 1809 मध्ये गावकऱ्यांनी आणि सैनिकांनी मिळून नेपोलियनच्या फौजेला अडवलं. मग पोंतेवेद्रा, जुन्या गावात गाड्या जवळजवळ नाहीतच आणि शिंपल्याच्या आकारात बांधलेलं पेरेग्रिना (यात्रेकरू) मेरीमातेचं छोटं चर्च आहे. काल्दासला गरम पाण्याचे झरे, तिथे पाय बुडवून बसा. आणि सगळ्यात शेवटी पाद्रोन, सेंट जेम्सचा देह नावेतून इथे आला अशी कथा आहे आणि ती नाव ज्या दगडाला बांधली तो दगड तिथल्या चर्चमध्ये वेदीखाली दाखवतात. म्हणजे देह ज्या वाटेने सांतियागोला गेला असं मानतात त्याच वाटेने शेवटचा दिवस तुम्ही चालता, सारियाच्या वाटेला हे नाही.

काका-काकूंना माझा सल्ला तुईचा आहे, दोघं सोबत आहात, गुडघे जपायचेत आणि बेडसाठी धावपळ नकोय. एकटं कोणी पहिल्यांदाच परदेशी जात असेल, विशेषतः बायका, तर सारिया, मागेपुढे सतत माणसं असतात आणि हीच मोठी सोय. फेर्रोलवरून तिसरी वाट आहे, शांत आहे पण बेतान्सोसच्या पुढचा चढ मोठा आणि सोयी कमी, पहिल्यांदा नको.

शाकाहारींनी दोन्हीकडे सारखंच सांभाळायचंय. मिक्स सॅलडमध्ये ट्यूना येतो, गालिसियाच्या (सांतियागोच्या या प्रांताच्या) भाजीच्या सूपमध्ये डुकराची चरबी असते, नुसतं 'सिन कार्ने' (मांस नको) म्हणून भागत नाही, 'सिन पेस्कादो, सिन खामोन' (मासे नकोत, हॅम नको) पण म्हणा. बटाट्याचं तोर्तिया मिळेल पण त्यात अंडं. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट न्या. दुधाच्या पदार्थांवर युरोपात बंधनं आहेत, त्यामुळे कंदी पेढे नकोत.

सरावाला परळीतून पायऱ्यांनी सज्जनगड चांगलाच, पण एका दिवसाच्या चढाने काही होत नाही, लागोपाठ दोन दिवस पंधरा-वीस किमी चालून बघा, खरा त्रास दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना कळतो. बॅग पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या सर्व्हिस दोन्हीकडे आहेत, बिनधास्त वापरा, सर्टिफिकेटला काही होत नाही. मे किंवा सप्टेंबरचा शेवट बरा, पाऊस कधीही येतो म्हणून पोंचो हवाच. आणि 25 जुलै, म्हणजे सेंट जेम्सचा सण, रविवारी आला की ते पवित्र वर्ष धरतात, पुढचं 2027, तेव्हा गर्दी सगळीकडेच वाढणार, त्या वर्षी जायचं असेल तर तुईवाल्यांनीही प्रायव्हेट अल्बर्गे बरेच आधी बुक करून ठेवा.