बार्ज ओढायला तार की सिंथेटिक दोर?

बार्ज म्हणजे सपाट मालनौका, ती ओढणाऱ्या टगसाठी नवा टो-दोर (ओढायचा दोर) घ्यायची वेळ आली की हा प्रश्न हमखास निघतो. अरबी समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं पोलादी तारेवर बार्ज ओढल्या आणि मधले दोन मोसम एचएमपीई (मजबूत, हलक्या प्लॅस्टिक धाग्याच्या) दोरावर काढले. ताकद, सर्टिफिकेट तुम्हाला ठाऊकच आहे, ते सोडून बोलतो.

आधी दोराची बाजू. तेवढ्याच ताकदीच्या तारेच्या मानाने तो इतका हलका की दोघे खलाशी टोक उचलून शॅकलपर्यंत (जोडणीच्या लोखंडी कडीपर्यंत) नेतात. तारेला तिथे टगर विंच (डेकवरचा छोटा विंच) लागतो. शिवाय तुटलेल्या तारांचे काटे हातमोज्यातून तळव्यात घुसतात, ते दुखणं आठवडाभर पुरतं.

तारेचं वजन मात्र समुद्रात कामाला येतं. चार-पाचशे मीटर सोडली की मधे खोल झोळ पडतो. बार्ज लाटेत अडखळली की आधी झोळ उलगडतो, मग ताण चढतो. एचएमपीई पाण्यावर तरंगतो आणि फारसा ताणतही नाही, म्हणून नायलॉनचा स्ट्रेचर (ताणला जाणारा तुकडा) जोडावा लागतो. तो जोडूनही समोरच्या लाटेत झटका माझ्या झोपायच्या बंकपर्यंत पोचायचा.

झोळाचा धोकाही आहे. मुंबई हायला पाणी साधारण 75 मीटर आणि तळाशी पाइपलाइनींचं जाळं. तार आत न घेता वेग उतरवलात तर ती तळाला घासलीच म्हणून समजा. उथळ पाण्यात दोराने ही काळजी मिटते, हे मान्य करायला हवं.

माझं मत फिरलं ते स्लीव्हमुळे. स्टर्न रोलरवर (टगच्या मागच्या काठावरच्या रोलरवर) दोर घासू नये म्हणून त्यावर जाड स्लीव्ह चढवतात. एका रात्री तीनच्या सुमारास सारंग (खलाशांचा मुकादम) ब्रिजवर, म्हणजे टग चालवायच्या खोलीत आला, "साहेब, स्लीव्ह परत सरकली." बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर रोलरपाशी दोराला कापसासारखी लव सुटलेली आणि एके ठिकाणी धागे वितळून चकाकत होते. स्लीव्ह जागेवर आणायची तर माणसं मागच्या डेकवर पाठवणं आलं, आणि टो ताणात असताना तिथे कोणीही असता कामा नये. वेग उतरवला, ताण कमी केला, लाइफजॅकेट घालून दोघे गेले. ते आत येईपर्यंत माझी नजर त्या दोरावरून हलली नाही. उजाडायच्या आत स्लीव्ह पुन्हा सरकली.

तारेला दर वॉचला (पाळीला) ब्रिजवरूनच विंचने दोन-तीन मीटर सोडायचं, रोलरवर नवी जागा येते. डेकवर कोणाला जावं लागत नाही. तुटलेल्या तारा मोजताही येतात. लव सुटलेल्या दोरात किती जीव उरलाय, हे मला कधी नक्की सांगता आलं नाही.

आमच्या रोलरवर जुन्या तारेने पाडलेले चरे होते, हेही सांगायला हवं. नवा गुळगुळीत रोलर असेल तर कदाचित तुम्हाला एवढा त्रास होणार नाही. बंदरातलं काम, छोटे टो असतील तर दोर खुशाल घ्या. चार-पाच दिवसांच्या सफरीला मी तरी तारच घेईन.

बार्जच्या मागे आणीबाणीसाठी सोडायची पिकअप लाइन मात्र तरंगणाऱ्या दोराचीच ठेवा. मुख्य टो तुटला तर टगला तीच पाण्यावरून उचलायची असते.